बारीक पिळाचे कुरळे केस: घरी कापण्याची आणि जपण्याची पद्धत

बहिणीच्या लग्नाला चार दिवस उरले असताना मी शहरातल्या एका पार्लरमध्ये केस कापायला बसले होते. तिथल्या ताईंनी केस ओले केले, बारीक कंगव्याने ओढून अगदी सरळ केले, खांद्याच्या रेषेवर कात्री फिरवली आणि आरसा दाखवला. मला ते फार आवडले. घरी येईपर्यंत केस जसजसे वाळत गेले तसतसे वर चढत गेले, आणि संध्याकाळी ते कानाच्या पाळीशी येऊन थांबले, तेही डावीकडे एका उंचीवर आणि उजवीकडे दुसऱ्या. त्या ताईंचा हात तयार होता, पण त्यांनी केस ओढून मोजले होते. बारीक पिळाचे केस डोक्यावर जसे बसतात तसेच मोजावे लागतात आणि तसेच कापावे लागतात. पुढे मी माझे केस स्वतःच कापायला शिकले, आता भाचीचेही कापते. तीच पद्धत, आणि नाशिकच्या पाण्याहवेत या केसांची रोजची निगा कशी राखावी, हे या लेखात क्रमाने मांडत आहे.

आधी केस ओळखावेत

मराठीत आपण समुद्राच्या लाटेसारख्या केसांनाही कुरळे म्हणतो आणि स्वेटर विणायच्या सुईभोवती गुंडाळून ठेवल्यासारख्या केसांनाही कुरळेच म्हणतो. या दोन्हींची निगा मात्र सारखी नसते. अमेरिकेतील केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९० च्या दशकात केसांची जी वर्गवारी रूढ केली, तिच्यात सरळ, लाटेदार, कुरळे आणि अगदी बारीक पिळाचे असे चार गट आहेत. चौथ्या गटाला आता सगळीकडे ‘कॉइली’ म्हणतात. आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये हे केस सर्वाधिक आढळतात आणि त्यांच्या निगेचे बरेचसे ज्ञानही त्याच समाजांतील स्त्रियांनी पिढ्यानपिढ्या जमवलेले आहे. पण आपल्याकडेही एखादी मुलगी अशा केसांची निघते आणि शाळेत ‘मॅगी’ म्हणून चिडवून घेते. कित्येकींच्या डोक्यावर दोन प्रकार एकत्र नांदतात. माझ्या मानेजवळचे केस सैल वळणाचे आहेत, तर माथ्यावरचे बारीक पिळाचे.

केस ज्या मुळातून उगवतो ते त्वचेखालचे मूळ वाकडे असते आणि केसाचा छेद गोल नसून चपटा असतो, म्हणून असा केस वळत वळत वाढतो. प्रत्येक वळणावर केसावरचे खवल्यांचे आवरण थोडे उचललेले राहते, त्यामुळे केसातला ओलावा लवकर उडतो आणि शेजारचे केस त्या खवल्यांत अडकतात. टाळूवर सुटणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज टोकापर्यंत उतरते. पिळाच्या केसावर मात्र ते वरच्या बोटभर भागातच राहते. टाळू तेलकट आणि टोके कोरडी, ही तक्रार इथूनच येते. केस रासवट आहेत, निगा न राखल्यामुळे असे झाले आहेत, असे जे मुलींना ऐकवले जाते त्यात तथ्य नाही.

जावळ नीट काढले नाही म्हणून केस असे आले, हेही आजीकडून ऐकायला मिळते. वस्तरा त्वचेच्या वरचा केस कापतो, वळण ठरते ते त्वचेच्या खाली. त्यामुळे पुन्हा मुंडण करून केस सरळ किंवा दाट होण्याची आशा धरू नये.

कात्री घेण्यापूर्वीचे मोजमाप

शिवणकामाची टेप घ्यावी. मागच्या बाजूची एक बट हळूच सरळ करून मुळापासून टोकापर्यंत मोजावी, मग सोडून द्यावी आणि ती जिथे स्थिरावेल तिथपर्यंत पुन्हा मोजावी. समजा, ओढल्यावर ३० सेंटिमीटर भरली आणि सोडल्यावर १२ सेंटिमीटर राहिली, तर त्या बटेचे आकुंचन ६० टक्के झाले. बारीक पिळाच्या केसांत ७० टक्क्यांपर्यंत आकुंचन होणे हे नेहमीचे आहे. हेच मोजमाप माथा, दोन्ही कानशिले, कपाळ आणि मान अशा पाच ठिकाणी करून वहीत लिहून ठेवावे. आकडे सहसा एकसारखे येत नाहीत. ओल्या केसांवर आखलेली सरळ रेष वाळल्यावर वाकडी का होते, याचे उत्तर त्या पाच आकड्यांत मिळते.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे आणि ती ध्यानात न घेतल्यामुळे घरी केस कापणाऱ्या अनेकींची निराशा होते. वरच्या उदाहरणातली बट पिळात असताना १ सेंटिमीटर कापली, तर प्रत्यक्षात अडीच सेंटिमीटर केस जातो. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे कात्रीच्या त्या एका चिमटीत दोन महिन्यांहून अधिक वाढ निघून गेली. म्हणून पिळात कापताना एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त घेऊ नये. पुन्हा कापता येते, चिकटवता येत नाही.

कापण्याची तयारी

कात्री केसांचीच हवी, साडेपाच किंवा सहा इंचांची, आणि ती दुसऱ्या कशालाही वापरलेली नसावी. स्वयंपाकघरातल्या किंवा कागदाच्या कात्रीने केस कापला जात नाही, चेपून तुटतो आणि तिथून त्याला फाटे फुटतात. केस विरळ करणारी दातेरी कात्री आणि वस्तरा या केसांवर मुळीच वापरू नये. त्यांनी प्रत्येक केस वेगळ्या उंचीवर कापला जातो, पीळ एकमेकांचा आधार सोडतात आणि सगळे डोके पिंजल्यासारखे दिसते.

केस आदल्या दिवशी धुवून, मऊ कंडिशनर लावून, न बांधता वाळू द्यावेत. कापायच्या दिवशी त्यांत तेल, जेल काहीही नसावे. रात्री वेणी घातली असेल तर पीळ ताणले जातात आणि मोजमाप फसते, तेव्हा त्या एका रात्रीपुरते केस मोकळे ठेवावेत. वेळ सकाळची निवडावी. आमच्या गॅलरीत नऊच्या सुमारास बाजूने ऊन येते आणि त्यात एकेक पीळ वेगळा दिसतो. ट्यूबलाइटखाली पीळ एकमेकांत मिसळून जातात. समोर एक आरसा, मागे धरायला दुसरा, चार-सहा मोठे चाप आणि किमान दीड तासाची सवड, एवढे असल्याशिवाय सुरुवात करू नये.

प्रत्यक्ष कापणे

बोटांनी भांग पाडून केसांचे सहा भाग करावेत: मानेजवळ दोन, दोन्ही कानांवर एकेक, माथ्याचा एक आणि कपाळावरचा एक. कंगवा वापरू नये. जो भाग हाताळायचा तेवढाच मोकळा ठेवून बाकीचे चापाने सैल अडकवावेत.

मानेजवळून सुरुवात करावी, कारण तिथे चूक झाली तरी वरचे केस ती झाकतात. आपोआप एकत्र राहणारी, बोरूच्या जाडीची एक बट निवडावी. तिला ओढायचे नाही. टोकापासून थोड्या वर तर्जनी आणि मधले बोट यांच्यामध्ये ती इतकी हलकी धरावी की बोटे उघडली तरी बट जागची हलू नये. हलली तर ती ताणलेली होती. सोडून पुन्हा धरावी. आता टोकाकडे नीट पाहावे. शेवटचा अर्धा-पाऊण सेंटिमीटर बहुधा रंगाने फिका, झुबक्यासारखा आणि पीळ सुटलेला असतो; त्याच्या वर पीळ पुन्हा गोल आणि चमकदार दिसू लागतो. जिथे तो गोल होतो, तिथे वळण जेव्हा आत शिरते त्या ठिकाणी कात्री किंचित तिरकी धरून एकच काप द्यावा. वळणाच्या बाहेरच्या फुगवट्यावर कापले तर टोक शिंगासारखे बाहेर राहते. आत शिरणाऱ्या वळणावर कापले तर ते शेजारच्या पिळाला जाऊन मिळते. भाचीचे केस पहिल्यांदा कापताना हा फरक मला दहाव्या-बाराव्या बटेला हातात आला, तेव्हा पहिल्या काही बटा जमल्या नाहीत म्हणून घाबरू नये.

अशा रीतीने बट-बट करत खालून वर जावे. दर आठ-दहा बटांनंतर भाग मोकळा सोडून डोके हलवावे, केस आपल्या जागी बसू द्यावेत आणि दोन पावले मागे जाऊन आरशात पाहावे. डावी-उजवी बाजू सारखी करण्यासाठी दोन बटा ओढून नाकासमोर आणून जुळवण्याची सवय बहुतेकींना असते. ती इथे उपयोगाची नाही. दोन्ही बाजूंचे आकुंचन वेगळे असू शकते, म्हणून हनुवटी, कानाची पाळी, खांदा अशा शरीरावरच्या खुणांशी तुलना करावी.

आकाराचा विचार माथ्यावर पोचल्यावर करावा. सगळे केस एकाच लांबीचे ठेवले तर वरचे केस दबतात, खालचे फुलतात आणि डोके त्रिकोणी दिसते. ते टाळायला माथ्यावरच्या बटा खालच्यांपेक्षा थोड्या आखूड कराव्यात, पण अगदी बेताने; माथ्याचे पीळ बहुधा सर्वांत घट्ट असतात आणि जास्त आखूड झाले की ते खाली पडतच नाहीत, उभे राहतात. कपाळावरच्या बटांना शेवटी हात लावावा आणि त्या भुवईपर्यंत हव्या असतील तर नाकाच्या मध्यापर्यंत ठेवून थांबावे. त्यानंतर केस एकदा धुवून, नेहमीसारखे वाळवून, आठवडाभर वापरून पाहावेत. राहिलेले उंचसखल तेव्हा दिसते आणि पाच मिनिटांत दुरुस्त होते.

नुसती टोके साफ करायची असतील, आकार बदलायचा नसेल, तर आणखी सोपी रीत आहे. किंचित ओलसर केसांचे वीस-पंचवीस भाग करून प्रत्येकाला दोन पेडांचा पीळ घालावा, वाळू द्यावे, आणि प्रत्येक पिळाचे शेवटचे टोक, जिथे तो शेपटीसारखा बारीक होतो, तेवढेच छाटावे. तीन-चार महिन्यांतून एकदा हे पुरते. टोकांजवळ एकाच केसाच्या बारीक गाठी बोटांना लागू लागल्या की ती वेळ आली असे समजावे. कापल्याने केस भराभर वाढत नाहीत, वाढ मुळाशी होते. पण फुटलेले टोक वरपर्यंत चिरत जाते ते थांबते, आणि म्हणून लांबी टिकते.

धुणे, आणि नाशिकचे पाणी

महापालिकेचे गंगापूर धरणाचे पाणी ज्यांच्याकडे येते त्यांना फारशी अडचण नसते. बोअरवेलवर किंवा टँकरवर अवलंबून असलेल्या सोसायट्यांत मात्र बरेचदा जड पाणी मिळते. खडकांतून झिरपताना भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात; ते साबणाशी मिळून चिकट साका करतात आणि तो केसांच्या उचललेल्या खवल्यांवर बसतो. बादलीच्या आत पांढरा थर धरत असेल, शाम्पूला फेस येत नसेल, तर तेच केसांवरही घडत आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा, म्हणजे हाच जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. सोसायटीने पाण्याची तपासणी करून घेतली असेल तर अहवालात हा आकडा पाहून घ्यावा. उपाय साधा आहे. शेवटच्या धुण्यासाठी तीन-चार तांबे पिण्याचे पाणी बाजूला ठेवावे, आणि महिन्यातून एक-दोनदा त्यातल्या एका लिटरमध्ये एक मोठा चमचा व्हिनेगर मिसळून ते केसांवरून सोडावे. लिंबू थेट टाळूवर चोळू नये.

आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा शाम्पू करावा, तोही सौम्य, आणि फक्त टाळूला. टोकांना खाली वाहणारा फेस पुरतो. रविवार कारंजाच्या बाजारात शिकेकाई आणि रिठा सुटे मिळतात आणि ते मळ चांगला काढतात, पण भुकटी या केसांत अडकून बसते, म्हणून रात्रभर भिजवून, उकळून, फडक्यातून गाळलेले पाणीच वापरावे. नुसता रिठा केस कोरडे करतो.

त्यानंतर कंडिशनर, आणि यात हात आखडता घेऊ नये. सरळ केसांना लिंबाएवढा पुरत असेल तर इथे तिप्पट लागतो. केस निथळते असतानाच तो लावावा, बोटांनी गुंता सोडवावा, मग मोठ्या दातांचा कंगवा टोकांकडून सुरू करून हळूहळू मुळाकडे न्यावा. आठवडाभरात कंगवा लागतो तो एवढाच. कोरड्या केसांत तो घालू नये. पिळाचे केस बरेच दिवस विंचरले नाहीत तर गळलेले केस आतल्या आत अडकून जट धरते. आपल्याकडे अशा जटेला देवीचा कौल मानून मुलींची आयुष्ये बांधली गेली आहेत, आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते जटा सोडवण्याचे काम वर्षानुवर्षे करत आले आहेत. जट हा निव्वळ गुंता आहे. लहान असेल तर भरपूर कंडिशनर आणि खोबरेल लावून, दोन-तीन दिवस थोडे थोडे करत, बोटांनी सोडवता येते.

तेलाबद्दल दोन गोष्टी. खोबरेल केसाच्या आत शिरते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली गेली, तेव्हा केसांतील प्रथिनांची झीज खोबरेलाने कमी झाल्याचे दिसले. म्हणून धुण्याच्या आदल्या रात्री ते लांबीला आणि टोकांना लावावे. कोंडा असेल तर टाळूवर मात्र तेल थापू नये, कारण कोंड्याशी संबंधित असलेली बुरशी तेलावरच पोसते. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

पीळ बसवण्यासाठी जवसाचे जेल

केस ओला होतो तेव्हा त्यातील नाजूक हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना नव्याने जुळतात. वाळताना पीळ जसा असेल तसा तो पुढच्या धुण्यापर्यंत राहतो, म्हणून जेल ओल्या केसांवरच लावायचे असते. पाव वाटी जवस आणि दोन वाट्या पाणी मध्यम आचेवर ठेवून ढवळत राहावे. पाच-सहा मिनिटांनी कडेला पांढरा फेस येतो. त्यानंतर डाव उचलल्यावर थेंबाऐवजी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार लोंबू लागली की लगेच गॅस बंद करावा. गाळायला उशीर करू नये. निवले की ते इतके घट्ट होते की बियांपासून सुटत नाही. जुन्या ओढणीच्या तुकड्यातून गरम असतानाच, चिमट्याने दाबत गाळून बाटलीत भरावे. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते, वास बदलला की टाकून द्यावे. ओल्या केसांना बट-बट करत लावून, मुठीत धरून वर दाबावे, आणि टॉवेलऐवजी मऊ सुती पंचाने पाणी टिपावे. वाळल्यावर केस कडक लागतात. ते पूर्ण वाळले की हातांना दोन थेंब तेल लावून चुरगळले की मऊ होतात.

ऋतूंप्रमाणे बदल

नाशिकची थंडी कोरडी असते आणि मार्च ते मेच्या उन्हातही हवेत ओलावा नसतो. ग्लिसरीन असलेली क्रीमे या दिवसांत केसातलेच पाणी ओढून घेतात, म्हणून तेव्हा ती टाळावीत आणि कंडिशनरवर थोडे तेल चढवून ओलावा बंद करावा. पावसाळ्यात उलट होते, तेच ग्लिसरीन हवेतले बाष्प खेचून केस फुलवते. तेव्हा जेल थोडे जास्त आणि क्रीम कमी ठेवावे. दुचाकीवर जाताना सुती स्कार्फच्या आत साटिनचे पातळ फडके बांधून, केस मानेजवळ सैल वळवून, मग हेल्मेट घालावे. रात्रीसाठी उशीला साटिनचा किंवा रेशमी अभ्रा हवा, कारण सुती अभ्रा ओलावा शोषतो आणि पीळ घासतो. माझ्या उशीचा अभ्रा आईच्या जुन्या येवल्याच्या पैठणीच्या विरलेल्या पोटातून शिवलेला आहे. काठ-पदर कपाटात जपून ठेवले आहेत.

स्मूदनिंग आणि रिबाँडिंगविषयी विचारणा नेहमी होते. रिबाँडिंगमध्ये केसाच्या आतले गंधकाचे मजबूत बंध रसायनाने तोडून सरळ अवस्थेत पुन्हा जोडतात. नवा उगवणारा केस पिळाचाच येतो, आणि पीळ व सरळ भाग जिथे भेटतात तिथे केस तुटतो. काही केराटिन उपचारांत तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, तो डोळ्यांना आणि श्वासाला त्रासदायक असतो. आधी करून घेतले असेल तर आता एकदम सगळे कापण्याची गरज नाही. वर सांगितलेल्या दोन पेडांच्या पिळाच्या रीतीने दर दोन-तीन महिन्यांनी सरळ टोके कमी करत न्यावीत.

शाळेत जाणाऱ्या मुली

भाचीच्या शाळेत दोन वेण्यांचा नियम आहे आणि रोज सकाळी सातला तिच्या घरातून रडण्याचा आवाज येत असे, कारण कोरडे केस विंचरून, तेलाने चापून, कपाळ ताणले जाईल इतकी घट्ट वेणी घातली जात होती. अशी रोजची ओढ वर्षानुवर्षे राहिली तर कानशिलांवरचे केस मुळापासून विरळ होतात आणि पुढे काही वेळा ते परत येत नाहीत. आता वेण्या रविवारी केस धुतल्यावर, कंडिशनरच्या ओलाव्यातच घातल्या जातात आणि बुधवारी एकदा सोडून पुन्हा घालतात. अधल्यामधल्या सकाळी फवारणीच्या बाटलीतले पाणी कपाळाच्या कडेला मारून हाताने बसवले की पुरते. वेणीचा पहिला पेड कपाळापासून बोटभर मागे सुरू करावा, रबराऐवजी कापडी बँड लावावा, आणि वेणी झाल्यावर मुलीला भुवया वर करायला सांगावे. भुवया वर करताना कातडी ओढल्यासारखी वाटली, तर वेणी लगेच सोडून सैल घालावी.